पुण्याच्या पोटातले स्फटिक: पाषाण, वाघोली आणि आपल्या दगडखाणी

काळापाषाण (धागाकर्ता)

लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम घ्या नाहीतर वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन. त्यांच्या खनिजसंग्रहात 'पूना, इंडिया' अशी चिठ्ठी लावलेले दगड आहेत. आणि आपण पुणेकर? पाषाणमधून रोज ऑफिसला जातो, वाघोलीच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो, पण या दोन नावांना जगभरच्या दगडवेड्यांत काय मान आहे याची आपल्याला गंधवार्ता नसते. मागे एका धाग्यावर विषय भरकटत खडकांवर गेला तेव्हा काहींनी सविस्तर लिहा म्हणून गळ घातली होती, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी एक खुलासा. पुणे जिल्ह्यात कोलारसारखी सोन्याची किंवा नागपूर-भंडाऱ्यासारखी मँगनीजची खाण नाही. आपल्याकडे खाण म्हणजे दगडखाण. सुरुंग लावायचा, डबर काढायचं, क्रशरला घालायचं, खडी विकायची. शनिवारवाड्याच्या तटापासून हिंजवडीच्या टॉवरपर्यंत सगळ्यांना हाच काळा दगड पुरला. स्फटिक हे या धंद्यातलं आडपीक. कुणी ते शोधायला खणत नाही, खणताना ते सापडतात.

आता हा दगड आला कुठून ते थोडक्यात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे पूर आले. डोंगराच्या टोकातून उसळणारा शाळेच्या चित्रातला ज्वालामुखी डोळ्यासमोर आणू नका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ बेसॉल्ट लाव्हा त्यातून बाहेर पसरत गेला, थरावर थर. आज उरलेला हा दख्खनचा पठारी खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलाय आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. दोन पुरांच्या मध्ये बराच काळ गेला की वरचा पृष्ठभाग कुजायचा, त्यावर पुढचा लाव्हा आला की तो भाजून निघायचा. कात्रज घाटातून जाताना कापलेल्या कड्यात विटकरी रंगाचा पट्टा दिसतो ना, तो हाच. एसटीतून उजवीकडे-डावीकडे बघत गेलात तर चुकायचं कारण नाही.

लाव्हाच्या एका थराचे साधारण तीन भाग पडतात. तळाशी बारीक नळ्यांसारखी उभी भोकं, मध्ये घट्ट काळा पाषाण, आणि वर साय धरताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची जाळी. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पाणी उतरलेलं असताना भिंतीजवळ जाऊन बघा. भिंत एकसंध दिसत नाही. फुगीर, एकमेकांवर लोळलेल्या उशा रचल्यासारखा तो खडक आहे आणि प्रत्येकीच्या वरच्या कडेला वाटाण्याएवढे, सुपारीएवढे पांढरे ठिपके आहेत. तो चुना नाही आणि पक्ष्यांची करामतही नाही. ती भोकं भरलेली आहेत, आणि जे भरलंय त्यासाठी हा धागा.

भरलं कसं? खडक थंड झाल्यावर मुरलेलं पाणी खाली गेलं, वरच्या थरांच्या ओझ्याखाली आणि भूगर्भातल्या उष्णतेने तापलं. अशा गरम पाण्याने बेसॉल्टमधली काच आणि खनिजं हळूहळू विरघळवली, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका उचलली आणि पोकळ्यांत नेऊन ठेवली. आधी भिंतीला हिरवट मातकट अस्तर बसतं. मग कुठे कॅल्सेडनी किंवा क्वार्ट्झ. मग झिओलाइटची (जाळीदार रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या कुळाची) मंडळी: ह्युलँडाइट, स्टिलबाइट, सुयांचे झुपके असलेले स्कोलेसाइट आणि मेसोलाइट. त्यांच्या अंगाखांद्यावर ॲपोफिलाइट आणि कॅल्साइट. क्रम दरवेळी असाच असतो असं नाही, पण कोण कोणावर बसलंय हे बघितलं की पोकळीचा इतिहास वाचता येतो. यातली काही ॲपोफिलाइटं तर ज्या खडकात बसलीत त्याच्यापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण निघाली आहेत. म्हणजे लाव्हा थंड होऊन गेला आणि त्यानंतर कितीतरी काळाने पुन्हा कधीतरी गरम पाणी फिरलं.

लिखित इतिहासही जुना आहे. कंपनी सरकारच्या नोकरीतला कर्नल विल्यम साईक्स दख्खनभर आकडेवारी गोळा करत फिरला आणि १८३६ मध्ये त्याचा इथल्या भूगर्भावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. खरी लॉटरी लागली ती बोरघाटात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ ते १८६३ या काळात घाट फोडला, बोगदे मारले, आणि ताज्या कापलेल्या खडकातून ॲपोफिलाइट-स्टिलबाइटचे असे नग निघाले की ते बोटीत बसून थेट युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. घाट फोडणाऱ्या हजारो मजुरांपैकी एकाचंही नाव त्या चिठ्ठ्यांवर नाही, हे जाता जाता.

पुढचं प्रकरण पाषाणचं. इथल्या खाणींतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिरवं ॲपोफिलाइट निघालं. ॲपोफिलाइट बहुधा बिनरंगी किंवा पांढरं असतं. हे मात्र कोवळ्या पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत. रंग कशाचा? जॉर्ज रॉसमन या अमेरिकन खनिजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये पुण्याच्याच नगाचा वर्णपट तपासून उत्तर दिलं: व्हॅनेडियम हा धातू. त्याचं अगदी किंचित प्रमाण पुरतं.

आणि मग वाघोली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या खाणींतून कॅव्हनसाइट यायला लागलं. मोरपंखी निळं, सुयांचे गोल झुबके, खाली पांढऱ्या स्टिलबाइटची बैठक. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं हे पाणीदार संयुग. त्याचं वर्णन पहिल्यांदा झालं अमेरिकेतल्या ओरेगनच्या नगांवरून, १९७३ मध्ये. पण तिथले नग बारीक, आणि जगातला नावाजलेला माल म्हणाल तर एकच पत्ता, वाघोली. पाषाणला हिरवं, वाघोलीला निळं, दोन्हीकडे व्हॅनेडियम! हा धातू कुठून बाहेरून आणावा लागत नाही, आपल्या बेसॉल्टमध्येच दर दहा लाख भागांत काही शे भाग असतो. प्रश्न एवढाच की इथे तो एकत्र कसा झाला आणि दहा मैलांवरच्या खाणीत का नाही.

माझी खरी कळकळ पुढे आहे. असला प्रश्न सोडवायचा तर नग कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून, कशाच्या शेजारी बसलेला निघाला हे ठाऊक हवं. बाजारातल्या दहातल्या नऊ नगांवर नुसतं 'पुणे' लिहिलेलं असतं, आणि त्यात जळगावपासून नाशिकपर्यंतचा माल खपून जातो. पत्ता हरवलेला स्फटिक शोकेसला शोभतो, अभ्यासाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पाषाणच्या खाणी आता वस्तीखाली गेल्या. वाघोलीच्या आसपास इमारती चढताहेत. ज्यांच्या घरात, शेतात, आजोबांच्या ट्रंकेत असे दगड असतील त्यांनी आताच नोंदी करून ठेवाव्यात. फोटो टाका, ओळखायला मदत करू.

---

चहाबाज

वाचनखूण साठवली. इतकी वर्षं वेताळावर चढतोय, ते पांढरे ठिपके म्हणजे सिमेंटचे शिंतोडे असं समजत होतो, हे इथेच सोडून देतो :)

एक शंका. कॅव्हनसाइटबरोबर पेंटागोनाइट असं नाव वाचलंय. ते वेगळं का?

---

काळापाषाण

@चहाबाज, रासायनिक सूत्र दोघांचं तंतोतंत एकच, आतली रचना वेगळी. म्हणून खनिज वेगळं. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, तसलाच मामला. पेंटागोनाइटचे स्फटिक जुळे येतात आणि आडवा छेद घेतला तर पाच टोकांची चांदणी दिसते. कॅव्हनसाइटपेक्षा बरंच दुर्मीळ, तेही वाघोलीतच चांगलं मिळालं. भिंगाशिवाय फरक कळणं अवघड. गोल झुबका दिसला तर कॅव्हनसाइट, सुट्या लांब काड्या दिसल्या तर पेंटागोनाइटची शंका घ्यायची, एवढं ढोबळ धरून चाला.

---

विहीरवाला

सुंदर लेख. भूजलाच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून पाण्याच्या अंगाने थोडी भर घालतो.

ज्याला लेखात बुडबुड्यांची जाळी म्हटलंय त्याला गावाकडे मांजऱ्या म्हणतात. घट्ट तो काळा पाषाण किंवा नुसताच पाषाण, कुजलेला तो मुरूम. विहीर खणणाऱ्या माणसाला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही, 'वर मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण लागला' इतकं सांगितलं की आमच्यासारख्याचं निम्मं काम झालं.

लोकांचा समज असतो की भोकाभोकांचा खडक म्हणजे पाणीच पाणी. तसं नाही. भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, आणि वर ती झिओलाइटने बुजलेली. असा ताजा मांजऱ्या जवळजवळ कोरडा. तोच कुजला, भेगाळला की मग पाणी धरतो. पाषाणात पाणी फक्त सांध्यांत आणि दोन थरांच्या जोडावर. म्हणून एकाच बांधाच्या अल्याड विहीर तुडुंब आणि पल्याड ठणठणीत, हा प्रकार पुरंदर-शिरूरकडे सर्रास बघायला मिळतो, आणि मग पाणाड्याचं फावतं. असो, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

खणताना निघालेले चांगले स्फटिक मी ढिगांनी पाहिलेत. बहुतेक विहिरीच्या कडेला टाकलेल्या मलब्यात. उन्हावाऱ्यात वाळलं की त्यातलं लॉमोंटाइट तर बघता बघता पांढरं पीठ होऊन जातं. ते खनिज आतलं पाणी गमावलं की टिकतच नाही.

---

शिरूरची_सून

धागा वाचून धावत फडताळाकडे गेले. सासऱ्यांनी शेतात विहीर खणली तेव्हाचा एक दगड आमच्याकडे देव्हाऱ्याच्या बाजूला असतो. साधारण नारळाएवढा. एका अंगाला काळा, दुसऱ्या अंगाला पोकळी आणि त्यात फिकट केशरी-गुलाबी, चकचकीत पापुद्र्यांचे गठ्ठे. मध्ये एक-दोन पांढरे टोकदार दाणेही आहेत. आमच्या सासूबाई त्याला गारगोटी म्हणतात. फोटो टाकायचा प्रयत्न करतेय, चढत नाहीये. ओळखता येईल का?

---

पेठेतला

लेख वाचला. छान. पण एक कळलं नाही. म्हणजे टेकड्या फोडल्या म्हणून स्फटिक मिळाले, आणि फोडणं थांबलं म्हणून धागाकर्त्यांना हळहळ? इकडे आम्ही टेकड्या वाचवायला सह्या गोळा करतोय. उद्या बिल्डर हाच धागा दाखवून म्हणेल, बघा, विज्ञानासाठी खणतोय.

---

काळापाषाण

@पेठेतला, टोला मान्य, रोख नाही. खाणी चालू राहाव्यात असं मी कुठेच म्हटलेलं नाही. वेताळ टेकडीच्या सह्यांमध्ये माझीही आहे. म्हणणं एवढंच की जे आधीच फोडून झालंय ते बुजवण्याआधी बघा, मोजा, लिहून ठेवा. जुन्या खाणीची उघडी भिंत म्हणजे फुकटात मिळालेला छेद. तो मिळवायला एरवी ड्रिलिंगला लाखो रुपये मोजावे लागतात. पण आपल्याकडे खाण बंद झाली की दोनच गती. एक तर राडारोडा टाकून भरायची, नाहीतर पाणी साठून पोरं बुडाल्याची बातमी येईपर्यंत तशीच सोडायची. कठडा बांधून, दोन फलक लावून एखादी भिंत राखायला काय हरकत आहे? भूगर्भशास्त्राच्या मुलांना फर्ग्युसनमधून किंवा विद्यापीठातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर वेताळची खाण आहे.

@शिरूरची_सून, वर्णनावरून दोन उमेदवार आहेत, पण घरीच तपासता येईल. आधी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, आहे का ते बघा. मागच्या बाजूचा, दिसणार नाही असा एक बारीक पापुद्रा घ्या आणि चाकूच्या टोकाने ओरखडा. क्वार्ट्झवर पोलादी चाकू चालत नाही, उलट क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं. ओरखडा सहज पडला तर गारगोटी बाद.

मग त्या पांढऱ्या टोकदार दाण्यांवर लिंबाचा थेंब टाका, पण दाणा आधी पिनेने किंचित खरवडून भुकटी करा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. तोंडाने फुंकर मारून 'फसफसल्यासारखं वाटतंय' असं चालणार नाही, भिंगातून बघा. आणि लिंबू लगेच धुवून टाका. झिओलाइटला आम्ल मानवत नाही. स्कोलेसाइटसारख्याची तर जोरकस आम्लात लापशी होते. बाजारात काहीजण सांगतात तसं टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवून 'चमकवायच्या' फंदात पडू नका.

शेवटी आकार. केशरी पापुद्र्यांचे गठ्ठे मध्ये आवळलेले आणि दोन्ही टोकांना फाकलेले, बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दिसतात का? दिसत असतील तर स्टिलबाइट. तसे नसून सुटे, शवपेटीच्या आकाराचे, मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद असे असतील आणि सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक असेल तर ह्युलँडाइट. ॲपोफिलाइटची भीती इथे नाही. ते चौकोनी ठोकळ्यासारखं नाहीतर चार बाजूंच्या टोकदार शंकूसारखं येतं, आणि वरच्या पृष्ठाला समांतर काचेच्या चकत्या सुटाव्या तसं सुटतं.

---

खाणीवरचा

नमस्कार. इथं फक्त वाचतो, लिहीत नाही, पण वाघोलीचं नाव आलं म्हणून लिहितो. माझं लहानपण खाणीवरच्या वस्तीत गेलं. वडील, चुलते सगळे दगड फोडायला. सुतकी, घण, पहार हीच आमची खेळणी. खाणीवरच्या मुलांसाठी संतुलन संस्थेने काढलेल्या पाषाणशाळा सुरू झाल्या तशी वस्तीतली पोरं शिकायला लागली.

सुरुंग उडाला की धूळ बसेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. मग मुकादम फिरून बघणार, लटकलेली दरड पहारीने पाडणार, मग पोकलेन आत. स्फटिक सापडतो तो या मधल्या वेळात. घट्ट दगडात काही नसतं. दोन थरांच्या मधला खडबडीत, लालसर-राखाडी, चुरा-चुरा झालेला पट्टा असतो, त्यात हात जाईल एवढी पोकळी. आम्ही पॉकेट म्हणतो, व्यापाऱ्यांकडूनच शिकलो. आत ओलसर, चिखल भरलेला. बोट फिरवलं की टोचतं, तेव्हा कळतं माल आहे. घण मारायचा नाही. पॉकेटच्या कडेने छिन्नी, लांबून, हळूहळू, सगळा तुकडाच बाहेर काढायचा. ओल्या गोणपाटात नाहीतर जुन्या धोतरात गुंडाळायचा. निळ्याच्या बारीक काड्या नुसत्या बोटाने मोडतात. धुवायचं घरी आणून, साध्या पाण्यात, दाब न देता.

पण खरं सांगू का, दहापैकी आठ वेळा बघायलाच वेळ नसतो. डंपर उभा असतो, क्रशर थांबला की मालकाचं नुकसान. तो चुरा पट्टा क्रशरलाही नको असतो, खडी कच्ची होते, म्हणून तो बाजूला भरावात जातो. किती निळा भरावात गेला असेल त्याला हिशोब नाही. एकदा चुलत्यांनी पसाभर माल एका व्यापाऱ्याला दिला, महिन्याच्या किराण्याचे पैसे आले म्हणून घरात आनंद. तसलाच तुकडा पुढे परदेशातल्या वेबसाइटवर पाहिला. किंमत सांगत नाही. चुलते आता नाहीत.

तुम्ही थर लिहा म्हणता ते बरोबर आहे. पण ज्याच्या हाताला सापडतो त्याला कुणी कधी विचारलं नाही की कुठल्या अंगाला सापडला. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला आजही त्या पट्ट्याची जागा दाखवता येईल.

---

चहाबाज

@खाणीवरचा, दंडवत. धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद.

---

काळापाषाण

@खाणीवरचा दादा, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. तुम्ही सांगितलेला तो चुरा पट्टा म्हणजे लाव्हाचा वरचा पापुद्रा मोडून, तुकडे होऊन पुन्हा सांधला गेलेला खडक. भूगर्भवाले ब्रेशिया म्हणतात. पाण्याला फिरायला जागा तिथेच, म्हणून निळाही तिथेच. पुस्तकात दोन ओळींत असलेली ही गोष्ट तुम्ही हाताने चाचपडून सांगितलीत. तुमची हरकत नसेल तर तुम्ही, मी आणि विद्यापीठातला माझा एक मित्र असे जाऊन ती जागा नकाशावर मांडून ठेवू, आणि नोंदीत तुमचं नाव आधी येईल.

---

हौशी_संग्राहक

खरेदीबद्दल थोडं. पोळून निघालोय म्हणून लिहितो. एका प्रदर्शनात निळ्या झुबक्याचा देखणा नग घेतला. घरी दिव्याखाली भिंग लावलं तर झुबक्याच्या बुडाशी चकाकणारी कड, आणि त्यात एक केस अडकलेला! गोंद. खरा कॅव्हनसाइट, खरा स्टिलबाइट, पण लग्न विक्रेत्याने लावलेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

खूण अशी: खरा झुबका बैठकीच्या स्फटिकांत रुतलेला असतो, आजूबाजूला त्याची बारीक पिल्लं विखुरलेली असतात. चिकटवलेला मोकळ्या जागी एकटाच, अगदी मधोमध, फोटोला बसल्यासारखा. अतिनील टॉर्च असेल तर मारून बघा, बरेच गोंद त्यात निळसर-पांढरे उजळतात.

दुसरं, ओकेनाइट. पांढरे केसाळ गोळे असतात ते. गुलाबी, जांभळा, हिरवा दिसला तर सरळ रंग दिलेला आहे. आणि खऱ्याला पाणी अजिबात लावायचं नाही, केस एकमेकांना चिकटले की पुन्हा मोकळे होत नाहीत. ब्रशही नको. धूळ बसूच नये म्हणून काचेखाली ठेवा.

'उपचारी स्फटिक' म्हणून स्टिलबाइट विकणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. बोललो तर धागा उडेल.

---

टेकडीवाली

थोडं अवांतर, पण जिल्ह्याच्या भूगर्भाचा विषय आहे म्हणून. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरीला नदीच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आहे. ती राख दख्खनच्या लाव्हाची नव्हे, फार अलीकडची. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्या थराच्या आसपास अश्मयुगीन हत्यारंही नोंदवली आहेत. राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून उडून आली हे बहुतेकांना मान्य, पण टोबाच्या कुठल्या उद्रेकातली यावर बरीच वर्षं भांडण आहे: सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून कितीतरी आधीच्या? हत्यारांचं वयही त्यावरच अडकलंय.

त्याच कुकडीवर निघोजचे रांजणखळगे. तिथे मात्र नवं काही साचलेलं नाही, नदीने गोट्यांच्या मदतीने पाषाणच कोरून काढलाय. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जा. कडेला वाकून सेल्फी घेऊ नका, भिंती घोटीव आहेत.

---

पेठेतला

भिंत राखायची कल्पना पटली. आमच्या गटात मांडतो. फक्त फलकावर मराठी शुद्ध असावं, नाहीतर आम्हीच तक्रार करू.

बाकी स्फटिक बघायचेच असतील तर खाणीत कशाला जायचं, सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे की. मुलांना घेऊन गेलो होतो, नाशिकला जाताना वाटेतच पडतं. दोन तास कसे गेले कळलं नाही. तिथला पुण्याचा माल बघून छाती फुगली आणि तो पुण्यात नाही म्हणून लगेच बसली.

---

शिरूरची_सून

अहवाल देते!

चाकूने ओरखडा सहज पडला. पापुद्रा निघाला तो मधोमध सरळ सुटला आणि सुटलेल्या बाजूला मोत्यासारखी चमक आहे. लिंबाचा प्रयोग केला, पांढऱ्या दाण्याच्या भुकटीवर भिंगातून अगदी बारीक पण नक्की बुडबुडे दिसले. केशरीवर काहीच नाही. आणि गठ्ठे खरंच पेंढीसारखे आहेत, मध्ये आवळलेले. मोत्याची चमक ह्युलँडाइटला म्हणालात, म्हणून गोंधळ झालाय.

शिवाय पोकळीच्या कडेला, काळ्या दगडाला लागून, गडद हिरवी पातळ साल आहे. ती आधी बुरशी वाटली होती.

---

काळापाषाण

शाब्बास ताई. मोत्याची झाक स्टिलबाइटलाही एका बाजूला असते, त्यामुळे इथे निकाल आकारावर. पेंढी आहे म्हणजे केशरी ते स्टिलबाइट, पांढरे दाणे कॅल्साइट, आणि हिरवी साल ते लेखात म्हटलेलं पहिलं अस्तर, चिकणमातीच्या जातीचं खनिज. म्हणजे तुमच्या देव्हाऱ्याशेजारी पूर्ण क्रम आहे: आधी हिरवं, मग केशरी, मग त्यावर पांढरं. कॅल्साइटचे दाणे स्टिलबाइटच्या वर बसलेत की त्यात अर्धे बुडालेत, तेवढं पुन्हा एकदा बघा. बुडालेले असतील तर दोघं काही काळ एकत्र वाढत होते.

हिरवी साल घासून काढू नका, ती बुरशी नाही. हळदीकुंकवाचा हात लागत असेल तर दगडाच्या काळ्या अंगालाच लागू द्या.

आता नोंद. स्फटिकांवर काहीही लिहायचं नाही, चिकटवायचं नाही. मागच्या काळ्या अंगाला नखाएवढा पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका द्या, वाळला की त्यावर बारीक निबने काळ्या शाईत '१' लिहा. त्याच नंबरासमोर वहीत गाव, गट नंबर, विहीर कोणत्या साली खणली, किती खोलीवर सापडला, वर-खाली कोणता खडक होता. फोटो वहीसकट काढून ठेवा.

---

शिरूरची_सून

दाणे अर्धे बुडालेले आहेत!

गट नंबर सातबाऱ्यावर मिळाला. साल सासऱ्यांना ७२च्या दुष्काळानंतरचं दुसरं की तिसरं, एवढंच आठवतंय. खोली विचारली तर म्हणाले, पाच परसावर लागला, वर मांजऱ्या होता आणि खाली पाषाण लागल्यावर सुरुंग लावावा लागला. फूट किती लिहू?

---

विहीरवाला

फुटांच्या भानगडीत पडू नका. परस म्हणजे माणसाच्या उंचीवरून धरलेलं खोलीचं माप, तो गावागणिक बदलतो. 'पाच परस' असंच लिहा आणि विहीर अजून असेल तर दोर सोडून मांजऱ्याचा तळ मोजून घ्या. तो जोड आत उतरल्याशिवाय वरूनही दिसतो, सकाळी नऊच्या सुमाराला ऊन तिरपं पडतं तेव्हा.

---

शिरूरची_सून

विहीर आहे, पाणीही आहे. शनिवारी गावाला जाणारच आहोत, दोर आणि टेप घेऊन जाते. सासरे म्हणतायत, कडेच्या ढिगात असले अजून पडलेत, आणि त्या ढिगावर आता लिंबोणी आहे.

---

काळापाषाण

लिंबोणीची मुळं तोडू नका म्हणजे झालं. वर जे उघडे पडलेत तेवढेच उचला आणि त्यांना '२'पासून नंबर द्या. ढिगातल्यांसमोर खोलीच्या रकान्यात 'मलब्यातून' असं स्पष्ट लिहा, पाच परस लिहू नका.

बाकी मंडळींसाठी: येत्या रविवारी सकाळी सात वाजता वेताळ टेकडीवरच्या खाणीजवळ जमतोय. भिंग, टोपी, पाणी आणा. हातोडी-छिन्नी आणू नका. चालू खाणीत कुणीही आपापलं, परवानगीशिवाय शिरू नये. खाणीवरचा दादा येणार आहेत, थर कसा बघायचा ते तेच दाखवतील.